घुमा, सबबी पुरे कर!

डिसेंबर महिना उजाडला की आमच्या दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण वाढतात. एक सर्दी-खोकल्याचे आणि दुसरे स्नेहसंमेलनाचे. कुणाचा तालमीत पाय मुरगळलेला असतो, कुणाचे ढोपर फुटलेले असते, कुणाच्या तोंडावर रंगभूषेने पुरळ उठलेले असते. या मुलांना मलमपट्टी करावी, दोन शब्द गमतीचे बोलावे आणि घरी पाठवावे, एवढेच माझे काम. पण काही वर्षांपूर्वी अशाच एका डिसेंबरात आलेल्या मुलीला मला तसे पाठवून देता आले नाही. तिची हकिकत आज सांगणार आहे. त्या हकिकतीत माझीही एक चूक आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

मुलगी नववीतली. शाळेत नाचाची तालीम चालू असताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडली. आई तिला रिक्षात घालून घेऊन आली. नाडी जलद, पापण्या आतून पांढुरक्या. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन निघाले ८.९. या वयाच्या मुलीत ते निदान १२ तरी हवे. "डब्यात रोज दोन पोळ्या आणि भाजी देते हो डॉक्टर," आई म्हणत होती. मी आईला जरा बाहेर बसायला सांगितले आणि मुलीला विचारले. बराच वेळ ती पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिली. मग सगळे बाहेर आले. तीन आठवडे ती डबा मैत्रिणींना वाटून टाकत होती. रात्री पोट दुखल्याचे निमित्त करून ताटावरून उठत होती. का, तर नाचात तिला शेवटच्या रांगेत, अगदी कडेला उभे केले होते. पुढे सगळ्या बारीक अंगाच्या मुली.

"म्हणून काय जेवण सोडायचं?" मी जरा रागावूनच म्हणाले.

"तुम्हीच तर म्हणाला होतात," ती हळूच म्हणाली.

मी चपापले. ऑगस्टमध्ये ती तापासाठी आली होती. काट्यावर उभी राहिली तेव्हा कंपाउंडर आणि चार रुग्णांच्या देखत मी म्हणाले होते, "अगं, वजन बघ तुझं! आत्ताच हे, तर पुढं काय?" मला हे आठवतसुद्धा नव्हते. तिला शब्दन् शब्द आठवत होता. तिचे वजन ५८ किलो आणि उंची १५५ सेंटिमीटर. वयाच्या मानाने वजन थोडे जास्त होते, हे खरे. पण त्याच देहात रक्त कमी होते आणि ते ओळखणे माझे काम होते. मी काटा पाहिला, पापणी उलटून पाहिली नाही.

देह म्हणजे तक्रारींची यादी

वाचकहो, तीस वर्षांच्या दवाखान्यात मी एक गोष्ट पाहत आले आहे. आपल्याकडे माणसे, आणि त्यातही बायका, आपल्या शरीराबद्दल बोलतात ते फक्त तक्रारीच्या सुरात. पोट सुटलंय, दंड जाड झालेत, रंग उतरलाय, केस गळतायत. "माझे पाय मला रोज दोन मजले चढवतात," असे कौतुकाने सांगणारी एकही बाई मला आजवर भेटलेली नाही. मुली हे घरातूनच उचलतात. पूर्वी निदान आरसा एक होता आणि तोही भिंतीवर. आता तो मोबाइलच्या रूपाने हातात आला आहे, आणि त्यात आपल्या तोंडाशेजारी जगभरातली रंगवलेली तोंडे दिसतात.

वजन, रक्तदाब, साखर यांची काळजी करू नका, असे मी मुळीच म्हणत नाही. डॉक्टर होऊन तसे कसे म्हणेन? पण माझा अनुभव असा की, ज्याला आपल्या शरीराची लाज वाटते तो त्याची काळजी घेत नाही. तो त्याला शिक्षा करतो. चार दिवस उपाशी राहतो, पाचव्या दिवशी अधाशासारखा खातो आणि सहाव्या दिवशी स्वतःला दोष देत बसतो. ज्याला शरीराबद्दल आपुलकी असते, तो त्याला वेळेवर जेवू घालतो, झोपू देतो आणि हलवतोसुद्धा. ही आपुलकी कुठून आणायची? गोळीत ती मिळत नाही. मला ती एका ठिकाणी सापडली, आणि ते ठिकाण म्हणजे गोष्ट सांगणारा नाच.

घुमा काय म्हणते?

श्रावणातल्या मंगळागौरीचा 'नाच गं घुमा' हा खेळ आपल्याला ठाऊक आहे. घुमेला सगळ्या नाचायचा आग्रह करतात आणि ती प्रत्येक कडव्यात एक नवी सबब काढते. आज हा दागिना नाही, उद्या ते वस्त्र नाही, मग मी नाचू तरी कशी? गंमत अशी की, हे 'कशी नाचू' म्हणत असतानाच ती नाचत असते! ज्या कुणी बायकांनी हा खेळ रचला, त्यांना बाईचे मन पुरते कळले होते. आजच्या घुमेच्या सबबी तेवढ्या बदलल्या आहेत. "बाई, माझं वजन किती!" "या वयात शोभतं का?" "गुडघे बघा माझे!"

अशीच एक घुमा मीही होते. शाळेत असताना एका बाईंनी मला "तू उंच आहेस, सावळी आहेस, मागेच बरी" म्हणून शेवटच्या रांगेत ढकलले. त्यानंतर वयाच्या अठ्ठेचाळीस वर्षांपर्यंत मी कधी नाचले नाही. वरातीत नाही, भोंडल्यात नाही. भोंडल्याला जायचे, मधल्या पाटावरच्या हत्तीला हळद-कुंकू वाहायचे, खिरापत ओळखायची आणि फेर सुरू झाला की पाणी प्यायला आत जायचे. मग आमच्या कॉलनीतल्या बायकांनी मंगळागौरीच्या खेळांचा गट काढला आणि मला "डॉक्टर, तुम्ही निदान प्रथमोपचाराला या" असे सांगून फसवून नेले. तिसऱ्या दिवशी मी झिम्म्यात होते.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की हे सगळे खेळ म्हणजे छोटी छोटी नाटके आहेत. लाटणी घेऊन बाई पोळ्या लाटते, सूप नाचवते, कोंबडा होऊन उकिडवी उड्या मारते. पिंग्यात दोघी एकमेकींवर कुरघोडी करतात. भोंडल्याच्या गाण्यांतून तर सासू, नणंद, जाऊ, माहेरचा मुऱ्हाळी अशी सारी पात्रे येतात. सासरी ज्या गोष्टी तोंडाने बोलायची सोय नव्हती, त्या बायकांनी हातापायांनी बोलून घेतल्या. फेरात तुम्ही सासू झालात की तुमचे पोट किती सुटले आहे याकडे कुणाचे लक्ष नसते. तुमचे स्वतःचेही नसते. सासूचा तोरा बरोबर उतरला की नाही, एवढेच डोक्यात असते. सुटलेले पोट त्या तोऱ्याला कधीकधी उपयोगीसुद्धा पडते.

जाता जाता एक सांगते. मंगळागौर हे नव्या सुवासिनींचे व्रत, म्हणून विधवांना त्यापासून दूर ठेवण्याची रीत होती. व्रत ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेने करावे. पण खेळाला, फेराला, फुगडीला हा नियम कशाला? आमच्या गटात सगळ्या येतात. ज्यांना घराबाहेर पडण्याची सर्वांत जास्त गरज होती, त्याच बायकांना आपण घरात बसवून ठेवले होते.

हातांची भाषा, डोळ्यांची गोष्ट

आपल्या शास्त्रीय नृत्यातही हेच तत्त्व आहे. 'कथक' हा शब्दच मुळी कथेवरून आला. कथकात 'गतभाव' म्हणून एक प्रकार असतो. त्यात एकच नर्तकी कृष्ण होते, क्षणात गिरकी घेऊन गोपी होते आणि फुटलेल्या माठाचे पाणीही आपल्याला दाखवते. ना पडदा, ना सामान. सगळे त्या एका देहात. रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली पुण्यात 'नृत्यभारती' सुरू केली आणि मध्यमवर्गीय मराठी घरांतल्या कितीतरी मुलींना ही भाषा शिकवली. त्या काळी चांगल्या घरातल्या मुलीने नाचणे म्हणजे काय होते, हे जुन्या वाचकांना सांगायला नको.

बैठकीच्या लावणीचे पाहा. यमुनाबाई वाईकर बसून लावणी गात आणि नुसत्या चेहऱ्याने अन् हातांनी अदा करीत. १९१५ साली जन्मलेल्या या बाईंना २०१२ मध्ये, वयाच्या शंभरीजवळ, पद्मश्री मिळाली. २०१८ साली त्या गेल्या. बसून केलेल्या त्या अदाकारीपुढे भल्याभल्यांच्या उड्या फिक्या पडत. दक्षिणेतल्या भरतनाट्यमच्या थोर नर्तकी बालसरस्वती यांच्यावर सत्यजित राय यांनी १९७६ मध्ये 'बाला' नावाचा माहितीपट केला. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या पुढे होते आणि अंगही चांगले भरलेले होते. समुद्रकाठच्या भन्नाट वाऱ्यात त्या बाळकृष्णाला बोलावणाऱ्या आईचा अभिनय करतात. तो पाहताना त्यांच्या वजनाचा विचार मनात येतच नाही. समोर एक आई दिसते, बस्स. आणि सुधा चंद्रन यांचे नाव तर आपल्याला माहीतच आहे. १९८१ साली अपघातानंतर त्यांचा पाय कापावा लागला. जयपूर फूट बसवून १९८४ मध्ये त्या पुन्हा मंचावर उभ्या राहिल्या. 'नाचणारीचे अंग असेच हवे' म्हणणाऱ्यांना या तिघींनी आपापल्या परीने उत्तर दिले आहे.

आत काय घडते?

आता थोडे वैद्यकशास्त्र. डोळे मिटून तुम्ही आपल्या नाकाच्या शेंड्याला बोट लावू शकता. हात कुठे आहे हे न पाहता कसे कळते? आपल्या स्नायूंत, स्नायूबंधांत आणि सांध्यांत बारीक संवेदक असतात. कुठला अवयव कुठे आहे, किती ताणला गेला आहे, याची बातमी ते सतत मेंदूला देत असतात. कानाच्या आतला तोलाचा अवयव आणि लहान मेंदू या बातम्यांचा मेळ घालतात. शरीराची ही आतून होणारी ओळख. आरशातली ओळख बाहेरून होते, आणि बाहेरून पाहणारा डोळा नेहमी दुसऱ्याचा असतो, मग आरशासमोर आपण एकटे का असेना. नाच शिकताना आतली ओळख रोज घासूनपुसून लख्ख होते. त्यात गोष्ट असली म्हणजे लक्ष सगळे 'मी काय सांगते आहे' याकडे लागते आणि 'मी कशी दिसते आहे' हा प्रश्न मागे पडतो.

बाकीचे फायदे आहेतच. मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे दम लागेल असा मध्यम व्यायाम करावा आणि मुलांनी रोज सरासरी एक तास, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. झिम्मा-फुगडी अर्धा तास केली की घाम फुटतो, हृदयाचे ठोके वाढतात, आणि पायांवर भार पडल्याने हाडांनाही बळकटी येते. कंपवाताच्या रुग्णांसाठी अमेरिकेत ब्रुकलिन येथे २००१ पासून नृत्याचे वर्ग चालू आहेत. आपल्याकडे पुण्यातही असे वर्ग झाले आहेत. ताल धरला की अडखळणारे पाऊल पुष्कळदा उचलते. रोग त्याने बरा होत नाही, पण ज्या देहाने दगा दिला असे वाटत होते, त्याच्याशी पुन्हा बोलणे सुरू होते. हेही काही थोडे नाही.

त्या मुलीचे पुढे काय झाले?

नाचाने तिचे रक्त वाढले, असे कुणी समजू नये. रक्त वाढले ते लोहाच्या गोळ्यांनी, जंताच्या औषधाने आणि वेळेवरच्या जेवणाने. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, चहाबरोबर नाही, हे मी आईला दोनदा बजावले. ही काही तिच्या एकटीची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या दर १०० मुलींमागे सुमारे ५९ मुलींना रक्तक्षय आढळला. अंगाने भरलेल्या मुलीतही रक्त कमी असू शकते, हे माझ्यासारख्या डॉक्टरांनीही विसरू नये.

पण जेवण सुरू व्हायला हवे होते आणि त्यासाठी गोळी उपयोगाची नव्हती. मी प्रथम तिची माफी मागितली. तीही तिच्या आईच्या देखत, कारण अपमान चारचौघांत झाला होता. मग तिला आमच्या गावातल्या एका कथक शिकवणाऱ्या ताईंकडे पाठवले. ताईंनी वजनाचा विषयच काढला नाही. दोन-तीन महिने नुसते पाय, तोल आणि हात. मग एक दिवस कालियामर्दनाची गोष्ट काढली आणि सगळ्याजणी कृष्ण व्हायला धावल्या. ही मागे उभी. ताई म्हणाल्या, "कृष्ण कुणीही होईल गं. कालियाला जमिनीत पाय रोवावे लागतात. ये, तू हो कालिया."

पुढच्या खेपेला रक्त तपासायला आली तेव्हा मुलगी खुर्चीत बसेचना. तपासणीच्या टेबलाजवळच्या चार हात जागेत तिने मला फणा उगारून दाखवला, मग कृष्णाचा पाय पडताच तो कसा खचतो तेही दाखवले. शेवटी धापा टाकत म्हणाली, "डॉक्टर, उपाशीपोटी कालिया होता येत नाही. पाय थरथरतात." माझ्या सगळ्या आहाराच्या तक्त्यांपेक्षा हे वाक्य मोलाचे होते. सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.८ झाले होते. वजनही मी पाहिले, पण ते तुम्हाला सांगणार नाही.

दोन शब्द शाळांना आणि शिकवणाऱ्यांना

इथे मला थोडे कडू बोलायचे आहे. सगळाच नाच शरीराशी मैत्री करवतो असे नाही. स्नेहसंमेलनात आठ-दहा वर्षांच्या मुलींना मोठ्या बायकांचे हावभाव आणि तसलेच कपडे देऊन सिनेमातली गाणी बसवतात, आणि समोर पालक मोबाइल उंचावून उभे असतात. तिथे मुलीचा देह दाखवण्याची वस्तू होतो. ती काही सांगत नसते. नाचाच्या वर्गांतही 'जाडी', 'ढब्बी', 'काळी' असे शब्द सर्रास कानांवर पडतात. असा वर्ग फुकट असला तरी महाग आहे. रांगा उंचीप्रमाणे लावा, पाळीपाळीने बदला, पण रंग आणि अंगकाठी पाहून लावू नका. शेवटच्या रांगेतले मूल ती रांग चाळीस वर्षे विसरत नाही. मी विसरले नाही.

आणि मुलांना का वगळायचे? आपल्या पोवाड्यात, गोंधळात, दशावतारात पुरुषच तर अंगाने गोष्ट सांगत आले. 'नाचतो काय बायकांसारखा' म्हणून मुलाला खिजवणाऱ्याने आपले लोककलावंत पाहिलेलेच नसतात.

सुरू करण्यापूर्वी

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, चक्कर येण्याचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. हाडे ठिसूळ झालेल्यांनी, कंबरेच्या मणक्याचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी फुगडी, कोंबडा यांसारखे खेळ टाळावेत. फेर आणि हातांचा अभिनय मात्र बसूनही करता येतो. यमुनाबाईंची आठवण ठेवावी. जेवणावर लगेच नाचू नये, निदान दीड-दोन तास जाऊ द्यावेत. आधी पाच-दहा मिनिटे हातपाय मोकळे करावेत. गुळगुळीत फरशीवर पाणी सांडलेले नाही ना, हे पाहावे. फुगडीतल्या निम्म्या पडझडी त्यानेच होतात. गुडघा दुखला तर थांबावे, 'सवय होईल' म्हणून रेटू नये.

मुलगी जेवण चुकवू लागली, जेवल्यावर मोरीत जाऊन उलटी काढू लागली, तिची पाळी बंद झाली किंवा ती सारखी आरशापुढे उभी राहून रडू लागली, तर मात्र नाचाच्या भरवशावर बसू नका. आधी तिला डॉक्टरांकडे न्या, आणि ते म्हणाले तर मानसोपचारतज्ज्ञांकडेही. त्यात कमीपणा काही नाही.

माझ्या दवाखान्यातला वजनकाटा आता पडद्यामागे आहे. वजन मी कागदावर लिहिते, मोठ्याने बोलत नाही. गुडघे माझेही कुरकुरतात, म्हणून मी फुगडी सोडली आहे. पण या श्रावणात सासूची भूमिका माझ्याकडेच आहे आणि ती मी कुणाला देणार नाही. तुमच्या गल्लीत, सोसायटीत, वाड्यात चार जणी जमवा. एकदोघी नक्की म्हणतील, "मी कशी नाचू?" त्यांना म्हणू द्यावे. म्हणता म्हणताच त्या फेरात आलेल्या असतात.